मोजा, पण डोकावू नका

२८ डिसेंबर २०१५ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त मार्क झुकरबर्ग यांचा एक लेख छापून आला. त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचा उल्लेख होता. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' या फुकट सेवेवर गणेश हवामान बघतो, पावसाळ्याची तयारी करतो, बाजारभाव पाहून माल विकतो आणि आता नव्या पिकांत आणि जनावरांत पैसा घालतो आहे, असं लेखात म्हटलं होतं. त्याला आपलं पीक नीट सांभाळता आलं, तर इंटरनेटचं काय बिघडतं, असा लेखकाचा सवाल होता.

सवाल बिनतोड वाटतो. सेवा फुकट, तीही शेतकऱ्याला, आणि वर कुणावर सक्ती नाही. तरीही सहा आठवड्यांनी, ८ फेब्रुवारी २०१६ ला, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने असा नियम केला की फ्री बेसिक्सला या देशात जागाच उरली नाही. फेसबुकने त्याच आठवड्यात सेवा गुंडाळली. ज्या देशात कोट्यवधी माणसांनी तोवर इंटरनेट पाहिलंही नव्हतं, त्या देशाने फुकटचं इंटरनेट दारातून परत पाठवलं. त्यामागचा विचार मला आजही थक्क करतो, कारण तो एका ओळीत मावतो: किती वापरलं याचे पैसे घ्या, काय वापरलं याचे घेऊ नका. या एका ओळीपर्यंत पोचायचं तर आधी तारेत उतरायला हवं.

समजा, नागपुरात बर्डीवर उभं राहून कुणी मोबाइलवर कळमना बाजारातला संत्र्याचा भाव उघडला आणि ती माहिती मुंबईतल्या एखाद्या संगणकावर आहे. ते पान सलग येत नाही. त्याचे तुकडे होतात, आणि एक तुकडा सहसा १५०० बाइटच्या वर जात नाही. प्रत्येक तुकड्याच्या कपाळावर पत्ता असतो, कुठून निघाला आणि कुठे जायचंय याचा. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. एक जीबी म्हणजे अशी साडेसहा लाखांहून जास्त पॅकेटं. मुंबई ते नागपूर रेल्वेने सुमारे ८४० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे रुळांच्या कडेने तंतू टाकला असेल तर हे अंतर तो सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकी चारेक भागांत कापतो. एकाच पानाची पॅकेटं वेगवेगळ्या वाटांनी आली तरी चालतं. मागचं पुढे पोचलं, मधलं हरवलं, तर फोन ते पुन्हा मागून घेतो आणि पान जुळवतो.

वाटेतली यंत्रं, म्हणजे राउटर, काय करतात? पत्ता वाचतात, पुढच्या नाक्याकडे ढकलतात आणि विसरून जातात. त्या पॅकेटात संत्र्याचा भाव आहे, लग्नाचा व्हिडिओ आहे की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल, हे राउटरला ठाऊक नसतं आणि त्याला त्याची गरजही नसते. जेरोम सॉल्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क या तिघांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर एक निबंध लिहिला. शहाणपण जाळ्याच्या दोन टोकांना ठेवा, मधलं जाळं साधं ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. यात नीतीचा उपदेश नव्हता. गुंतागुंतीचं काम मधल्या यंत्रांवर टाकलं तरी ते शेवटी टोकालाच पुन्हा तपासावं लागतं, एवढाच अभियांत्रिकीचा मुद्दा होता.

पण या साधेपणातून केवढं उगवलं! टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, तेव्हा त्यांना कुठल्याही टेलिफोन कंपनीकडे परवानगी मागायला जावं लागलं नाही. दोन टोकांना नवा प्रोग्राम बसवला की काम झालं. मधल्या जाळ्याला पत्ताच नव्हता की आपल्या अंगावरून काहीतरी नवं जग धावू लागलंय. ईमेल, वेब, इंटरनेटवरून बोलणं, व्हिडिओ हे सगळं असंच न विचारता आलं. २००३ मध्ये टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकाने या गुणाला 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' असं नाव दिलं. आपण त्याला नेट तटस्थता म्हणू लागलो. गुण आधीपासून होता. तो जाऊ शकतो असं दिसू लागलं, तेव्हा त्याला नाव लागलं.

कारण तोवर यंत्रं वेगवान झाली होती आणि त्यांना पॅकेटाच्या आत डोकावायला फुरसत मिळू लागली होती. अमेरिकेत २००७ मध्ये कॉमकास्ट ही कंपनी बिटटोरंटवरून होणारी फाइलींची देवाणघेवाण अडवताना पकडली गेली. पद्धत ऐकून चक्रावायला होतं: दोन संगणक बोलत असताना कंपनीचं यंत्र मध्येच, त्यांच्यापैकी एकाच्या नावाने, 'बोलणं संपलं' असं बनावट पॅकेट पाठवायचं. दोन्ही बाजूंना वाटायचं, समोरच्याने फोन ठेवला. आज बहुतेक मजकूर कुलूपबंद प्रवास करतो. तरी कुलूप लागण्याआधी फोन ज्या साइटचं नाव घेतो, ते नाव अजूनही बहुतेक वेळा उघडं असतं. आतलं पत्र वाचता आलं नाही, तरी कुणाला चाललंय ते कळतं. अडवायला किंवा वेगळा दर लावायला तेवढं पुरतं.

आता दुसऱ्या बाजूकडे, मीटरकडे वळू. 'आजचा दीड जीबी संपला' हा निरोप फोनवर येतो, तो कोण मोजतं? घरच्या ब्रॉडबँडचं उदाहरण घेऊ: तिथे कंपनीच्या नाक्यावर एक यंत्र असतं. तुमचं कनेक्शन चालू झालं की ते तुमच्या नावाने दोन खाती उघडतं, एक आलेल्या बाइटचं आणि एक गेलेल्या. ठरावीक वेळाने हे आकडे हिशेबाच्या संगणकाकडे जातात. ही देवाणघेवाण ज्या ठरलेल्या भाषेत चालते तिचं नाव रेडियस. तिच्या पहिल्या आराखड्यात एका आकड्यासाठी ३२ बिटांची जागा ठेवली होती, आणि तेवढ्या जागेत ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ पर्यंतच मोजता येतं. पुढच्या बाइटला मीटर शून्यावर. म्हणजे चार जीबीच्या पलीकडे मोजणाऱ्यांची नजरच जात नव्हती, कारण डायल-अपच्या जमान्यात एवढं कोण वापरणार? मग २००० मध्ये आणखी एक आकडा जोडला गेला: पहिला आकडा किती वेळा शून्यावर आला, त्याची मोजदाद. इंटरनेटची वाढ किती अफाट झाली हे सांगायला मला याहून बोलका पुरावा माहीत नाही. मोजणाऱ्याला मोजण्यांची मोजणी करावी लागली.

आणि हे मीटर आंधळं आहे. पानावरचा संत्र्याचा भाव चार ओळींचा. त्याच्याभोवतीच्या जाहिराती आणि आपोआप सुरू होणारा व्हिडिओ त्याच्या शेकडो पट. पैसे सगळ्याचे. पॅकेटाच्या कपाळावरचा पत्ता, हरवून पुन्हा मागवलेले तुकडे, 'पोचलं' असं कळवणाऱ्या पावत्या, तेही तुमच्याच खात्यात.

पण या मोजणीत एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. कोराडीच्या वीजकेंद्रातून तुमच्या घरी एक युनिट वीज येते, तेव्हा तिथे खरोखर कोळसा जळतो. तुम्ही दिवा लावला नाही, तर तेवढा कोळसा वाचतो. जीबीचं तसं नाही. तंतू टाकलेला आहे, दोन्ही टोकांचे दिवे चालूच आहेत. रात्री तीन वाजता तुम्ही दहा जीबी उतरवून घेतले काय आणि नाही काय, कंपनीचा खर्च जवळजवळ तोच. खर्च वाढतो तो एकाच गोष्टीने: सगळे एकदम आले तर. संध्याकाळी आठ ते अकरा सगळं शहर व्हिडिओ लावून बसतं, तेव्हा तार पुरायला हवी, म्हणून जाडी तार घ्यावी लागते. बाकी एकवीस तास ती जाडी नुसती पडून असते.

कंपन्या आपसात एकमेकींना बिल लावतात, तेव्हा त्यांना हे पक्कं ठाऊक असतं. त्या जीबी मोजतच नाहीत. घाऊक बाजारात पुष्कळ ठिकाणी दर पाच मिनिटांनी तारेतून जाणाऱ्या डेटाच्या वेगाची नोंद होते. तीस दिवसांत अशा ८६४० नोंदी. त्या उतरत्या क्रमाने लावायच्या, सगळ्यात वरच्या पाच टक्के म्हणजे ४३२ नोंदी फेकून द्यायच्या, आणि उरलेल्यांत जी सर्वांत वर असेल तिच्यावर पूर्ण महिन्याचं बिल. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. महिन्यातले सर्वांत गर्दीचे ३६ तास माफ! १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. एखादा असा सामना या माफीत आरामात बसतो. रोजच्या संध्याकाळची गर्दी मात्र बसत नाही, कारण तीन तास गुणिले तीस म्हणजे नव्वद तास. ही पद्धत एका दिवसाच्या लाटेला क्षमा करते आणि रोजच्या सवयीचे पैसे घेते. गणित इतकं साधं आणि इतकं न्याय्य आहे की ते पहिल्यांदा कळतं तेव्हा आनंद होतो.

आपल्याकडे सामान्य ग्राहकाच्या बिलात या सत्याच्या सर्वांत जवळ कोण गेलं होतं? बीएसएनएल. २००५ मध्ये डेटावन सुरू झाल्यावर त्यांच्या काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड कितीही करा, मोजणी नाही, अशी सोय होती. त्या पिढीतल्या विद्यार्थ्यांनी रात्री दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू केले आणि सकाळी मॉडेम बंद केला. ती सवलत कुणावर उपकार नव्हती. रिकाम्या तारेला किंमत नसते, हे सरकारी कंपनीच्या दरपत्रकाने उघडपणे मान्य केलं होतं.

कॅनडात २०११ मध्ये नेमका याच मुद्द्यावरून गदारोळ झाला. तिथे छोट्या इंटरनेट कंपन्या बेलसारख्या मोठ्या कंपन्यांच्या तारा भाड्याने घेऊन सेवा देत होत्या. मोठ्यांनी जीबीवर बिल लावण्याची परवानगी मागितली आणि तिथल्या नियामकाने जानेवारीत ती बऱ्याच अंशी दिली. लोकांनी लाखो सह्या गोळा केल्या, सरकारने हस्तक्षेपाची भाषा केली, आणि नोव्हेंबरमध्ये नियामकाने निर्णय फिरवला: छोट्यांनी हवी तेवढी क्षमता आधी विकत घ्यावी, जीबी मोजू नयेत. गर्दी ही क्षमतेची गोष्ट आहे, एकूण वापराची नाही, हे तिथे नियमात उतरलं.

म्हणून जीबीवर बिल घेणं चूक आहे, असं मी म्हणणार नाही. जास्त वापरणाऱ्याने जास्त द्यावं यात न्याय आहे, आणि प्रत्येक घराला संध्याकाळच्या वेगाचा आलेख पाठवून बिल समजावणं अवघड आहे. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. मर्यादा घातली की तिच्यातून सूट देण्याची ताकद हातात येते. मर्यादा जितकी तोकडी, तितकी सूट मौल्यवान. महिन्याला एक जीबी मिळत असेल, तर 'आमचं ॲप त्यात मोजलं जाणार नाही' हे वाक्य सोन्याच्या मोलाचं होतं. मर्यादाच नसेल, तर त्याच वाक्याला काही अर्थ उरत नाही. आंधळ्या मीटरला डोळे फुटतात ते इथे.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने हेच उलट्या बाजूने करून पाहिलं. इंटरनेटवरून होणारे कॉल नेहमीच्या डेटा पॅकमधून काढून त्यांना थ्रीजीवर १० केबीला ४ पैसे असा दर जाहीर केला. दिसायला चार पैसे; हिशेब मांडला तर एमबीला चार रुपये आणि जीबीला चार हजार. तीच तार, तेवढेच बाइट, पण त्यात आवाज आहे म्हणून दर वेगळा. ओरड झाली आणि कंपनीने काही दिवसांत ते मागे घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायने चर्चेसाठी मसुदा काढला. एप्रिलमध्ये 'एअरटेल झीरो' आलं: ॲपवाल्याने कंपनीला पैसे द्यायचे, ग्राहकाला ते ॲप फुकट. फ्लिपकार्टची त्यात सामील होण्याची बोलणी चालू होती; लोकांचा रोष पाहून ती बाहेर पडली. महिनाभरात दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले. दूरसंचाराच्या रुक्ष मसुद्यावर सामान्य माणसांनी एवढ्या संख्येने लिहिलं, ही आपल्या लोकशाहीतली एक अपूर्व घटना आहे आणि तिची आठवण आपण फारच कमी काढतो.

फ्री बेसिक्स या मालिकेतलं सर्वांत गोड रूप. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते 'इंटरनेट डॉट ऑर्ग' या नावाने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जाळ्यावर आलं, मोजक्याच राज्यांत, आणि त्यांत महाराष्ट्र होता. म्हणजे नागपूरही. आत तीसेक साइटी. शोधायला गूगल नव्हतं, बिंग होतं. विकिपीडिया होता, हवामान होतं, मराठी वाचकासाठी 'महाराष्ट्र टाइम्स' होता. यादीत नसलेलं कोणतंही दैनिक उघडायला पैसे. सगळी वाहतूक फेसबुकच्या संगणकांतून जायची. दाराशी कोण उभं राहील, याच्या अटीही तेच ठरवायचे. गणेशला बाजारभाव दिसत होता हे खरं असेल. कुणी सांगितलेला बाजारभाव, हे त्याने निवडलेलं नव्हतं.

या यादीत 'रॉयटर्स मार्केट लाइट' नावाची सेवाही होती आणि तिची गोष्ट खास महाराष्ट्राची आहे. शेतकऱ्याच्या फोनवर भाव आणि हवामानाचे एसएमएस पाठवणारी ही सेवा २००७ मध्ये आपल्या राज्यातच सुरू झाली. पोस्ट ऑफिसातून तिची कार्डं विकली जात. मार्सेल फाफशॉं आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत तिचा परिणाम तपासला. अशा एसएमएसमुळे शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावात सरासरी लक्षणीय फरक पडला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला हा निष्कर्ष निराशेचा वाटत नाही. एका नळीतून येणारी एक माहिती पुरत नाही, एवढंच त्यातून दिसतं. भाव कळला तरी गाडी मिळायला हवी, दुसऱ्या बाजारातला ओळखीचा अडत्या हवा, दोन जणांना विचारून पडताळा घेता यायला हवा. म्हणजे बाकीचं सगळं इंटरनेट हवं.

वाहतुकीचे दर कोण आणि कसे ठरवतं, याचा धडा नागपूरला इंटरनेटच्या कितीतरी आधी मिळालेला आहे. जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये इथे पोचली, बंगाल नागपूर रेल्वे १८८७ मध्ये स्थापन झाली आणि शहर देशाच्या चार दिशांच्या वाटांवर आलं. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ४२ व्या कलमात एक तरतूद होती: रेल्वेने कोणत्याही विशिष्ट व्यक्तीला किंवा कोणत्याही विशिष्ट प्रकारच्या मालाला अवाजवी झुकतं माप देऊ नये. 'विशिष्ट प्रकारचा माल' वाचताना मी थबकलो. पॅकेटाचा प्रकार पाहू नका म्हणणारा २०१६ चा नियम सव्वाशे वर्षं आधी रुळांसाठी लिहिलेला होता!

मात्र कलम असूनही दर कसे लागले, ते पाहण्यासारखं आहे. बंदराकडे जाणारा कच्चा माल आणि बंदरातून आत येणारा तयार माल यांना स्वस्त दर. देशाच्या आत एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मालाला महाग. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापसाच्या प्रदेशातच कापड व्हावं म्हणून. पण दरपत्रक तर कापसाला बंदराकडे ढकलत होतं. भारतीय उद्योजकांची ही तक्रार १९१६ ते १९१८ च्या औद्योगिक आयोगापुढे आली, ॲकवर्थ समितीने १९२१ मध्ये दरांसाठी न्यायाधिकरण सुचवलं आणि १९२६ मध्ये सल्लागार समिती नेमली गेली. तत्त्व कायद्यात आल्यावर छत्तीस वर्षांनी दाद मागायला जागा मिळाली. कुठल्या गावात कोणता धंदा वाढेल आणि कोणता वाढणार नाही, हे दरपत्रकाचे आकडे ठरवत असतात. म्हणून ट्रायचा छोटासा नियम मला फार मोठा वाटतो.

डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने फक्त वेगवेगळ्या दरांच्या प्रश्नावर मतं मागवली होती. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून लाखो तयार संदेश पाठवून घेतले. विचारलेल्या चार प्रश्नांना त्यात उत्तरच नव्हतं, आणि ट्रायने फेसबुकला पत्र लिहून हे जनमताचं ओबडधोबड प्रदर्शन असल्याचं खडसावलं. मग ८ फेब्रुवारीला, राम सेवक शर्मा अध्यक्ष असताना, नियम आला. कोणत्याही सेवादात्याने मजकूर पाहून डेटाचा दर बदलू नये. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. आपत्तीच्या वेळी अत्यावश्यक सेवांना सूट देता येईल. जीबीवर बिल घ्यायला, वेगाप्रमाणे प्लॅन काढायला, रात्री स्वस्त द्यायला काहीच आडकाठी नाही. मीटर राहिलं, डोळे काढून घेतले.

जो गरीब आहे, त्याला यात काय मिळालं? हा प्रश्न तेव्हा मनापासून विचारणारे पुष्कळ होते आणि ते सगळे फेसबुकचे वकील नव्हते. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायने शिफारस केली की ग्रामीण ग्राहकाला महिन्याला १०० एमबी फुकट द्यावेत, आणि ते त्याने हवे तिथे वापरावेत. मला हे उत्तर मनापासून पटतं: फुकट द्यायचं तर बाइट द्या, यादी देऊ नका. तोवर बाजारातच उलथापालथ झाली होती. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. २०१४ मध्ये सरासरी २६९ रुपयांना मिळणारा जीबी काही वर्षांत दहा-बारा रुपयांवर आला. नियमामुळे दर पडले असं नाही. पण दर पडले तेव्हा सारं इंटरनेट स्वस्त झालं, तीस साइटी नव्हे. ती वेळ आली तेव्हा कोट्यवधी लोक एखाद्या कुंपणाच्या आत आधीच बसलेले नव्हते.

अडवणं, वेग पाडणं, कुणाला पुढे काढणं याबद्दलच्या शिफारशी ट्रायने २८ नोव्हेंबर २०१७ ला केल्या, सरकारने त्या जुलै २०१८ मध्ये मान्य केल्या आणि परवान्याच्या अटींत त्या आल्या. देशभराचा परवाना असलेल्या कंपनीला ही अट लागू आहे, तशीच एका जिल्ह्याएवढ्या भागाचा परवाना असलेल्या छोट्या कंपनीलाही. अमेरिकेत याच काळात नेट तटस्थतेचा २०१५ चा नियम २०१७ मध्ये रद्द झाला, २०२४ मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा पाडला.

आपल्याकडे सगळं सुटलं, असं मात्र नाही. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपली साठवणीची यंत्रं थेट इंटरनेट कंपन्यांच्या इमारतींत ठेवतात. लोकप्रिय सिनेमा मग दूरच्या केंद्रातून दर वेळी येत नाही. जवळच्या यंत्रातून येतो. यात ग्राहकाचा फायदा आहे, तारेवरचा ताण कमी होतो, आणि नियमात याला मोकळीक आहे. पण नागपुरातल्या एखाद्या तरुणीने मराठी व्हिडिओंची नवी साइट काढली, तर तिची यंत्रं तिथे नसतात. दर सारखा, अंतर वेगळं. दुसरा प्रश्न कंपन्यांच्या मागणीचा: व्हिडिओवाल्यांमुळे आमच्या तारा भरतात, तर त्यांनी आम्हाला वाटा द्यावा, असं आपल्या टेलिकॉम कंपन्यांची संघटना २०२३ पासून जोराने म्हणते आहे. दक्षिण कोरियात पाठवणाऱ्याने पैसे द्यायची पद्धत आहे. तिथला खर्च परवडत नाही म्हणून ट्विच ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देश सोडून गेली. ते पॅकेट मागवणारा ग्राहक त्याचे पैसे आधीच देत असतो, हे या मागणीत सोयीस्कर गाळलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि 'अनलिमिटेड'? घरच्या फायबरच्या अनेक अमर्याद प्लॅनच्या तळटिपेत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. १०० एमबीपीएसची तार पूर्ण वेगाने चालवली, तर ती ७३ तासांत, म्हणजे तीन दिवसांत गाठता येते. सामान्य घर तिच्या जवळपासही जात नाही. तरी मर्यादा आहे, आणि मर्यादा आहे तिथे सूट देण्याचा मोह असणार, त्यामुळे तळटीप वाचलेली बरी.

आपली तार डोकावते का, याचा एक अंदाज घरबसल्या घेता येतो. वेग मोजणाऱ्या नेहमीच्या साइटी आपापल्या चाचणी-संगणकांशी वेग तपासतात. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये 'फास्ट डॉट कॉम' काढलं, ते मात्र थेट नेटफ्लिक्सच्या व्हिडिओ-यंत्रांपासूनचा वेग दाखवतं. कुणी व्हिडिओचा वेग पाडत असेल, तर तो इथेही पडलेला दिसावा, हाच त्यामागचा डाव. रात्री नऊच्या सुमाराला, शहर भरात असताना, वायफायऐवजी तारेने जोडलेल्या संगणकावर दोन्ही चाचण्या पाठोपाठ करा. मग पहाटे पुन्हा करा. दोन्ही आकडे रात्री एकत्र खाली आले, तर ती गर्दी आहे, कंपनीची तार तोकडी पडते आहे. पहाटेच्या रिकाम्या वेळीही एकच आकडा रोज खाली राहिला, तर पडद्यांची छायाचित्रं तारखेसह जपून ठेवा आणि कंपनीकडे लेखी कारण मागा. परवान्यातली अट त्यांना तुमच्याइतकीच ठाऊक असते.